हुपराजभाऊंची वीज

आभाळ काळं झालं की आमच्या मुर्री गावात लोक दोरीवरचे कपडे काढतात आणि हुपराजभाऊ खुंटीवरचा कॅमेरा काढतात. कॅमेरा पॉलिथिनमध्ये गुंडाळायचा, घरी केलेली बांबूची तिपाई मोपेडला बांधायची आणि धानाच्या बांध्यांकडे, म्हणजे भातखाचरांकडे, सुटायचं. विजेचा फोटो काढायला. सहा पावसाळे झाले, एकही वीज त्यांच्या हाती लागलेली नाही. जे फोटो आहेत त्यांत काळं आभाळ, रिकामी शेतं आणि कोपऱ्यात पॉलिथिनची घडी.

"या बाईले टायमिंगच नाही, सरजी," असं ते मला विजेबद्दल सांगतात. मी इथल्या शाळेचा मुख्याध्यापक आणि त्यांचा शेजारी.

तीस वर्षं त्यांनी आसपासच्या गावांतल्या लग्नांचे फोटो काढले. त्यामुळे माणूस दिसला की त्याला नीट उभं केल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. चहा पिताना मला "हनुवटी खाली" म्हणतात. एका तेरवीला त्यांनी गेलेल्या माणसाच्या चारही भावांना उंचीप्रमाणे बसवलं होतं. गंमत म्हणजे लोक ऐकतात. ज्यानं भर मांडवात आपल्याला सरकवलं, त्याचं माणूस जन्मभर ऐकतो, असं माझं निरीक्षण आहे.

त्यांची बायको रोवणीच्या दिवसांत वीज पडून गेली. तेव्हापासून हा नाद. डोक्यावर परिणाम झाला, असं आमचं सगळ्यांचं निदान होतं आणि ते करून आम्ही मोकळे झालो होतो.

माझी तक्रार वेगळीच होती. रोवणी चालू असताना ढग गडगडले की हुपराजभाऊ धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभे राहून ओरडायचे, "फ्रेम खाली करा, बायांनो, फोटोत येऊ नका." मग वाकून धान रोवणाऱ्या वीसेक बाया कुरकुरत कंबर सरळ करायच्या आणि माझ्या शाळेच्या व्हरांड्यात येऊन बसायच्या. गुडघ्यापर्यंतचा चिखल घेऊन. यांचा फोटो काही यायचा नाही, फरशी मात्र मला धुवून घ्यावी लागायची. मी दोनदा समजावून सांगितलं, एकदा चिडून सांगितलं. ते हो म्हणायचे आणि पुढच्या ढगाला पुन्हा तेच.

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी मी शाळा घासूनपुसून घेतली. दुसऱ्या दिवशी तपासणी होती. काम झाल्यावर व्हरांड्याच्या लोखंडी जाळीला आतून कुलूप ठोकलं आणि ऑफिसात कागद लावत बसलो. दुपारी आभाळ भरून आलं. बांध्यांकडून ती नेहमीची हाक ऐकू आली. बाया आल्या, कुलूप पाहिलं आणि निमूटपणे मैदानाच्या कडेच्या मोहाच्या झाडाखाली गेल्या. मी खिडकीतून बघत होतो. सुटलो, असंच मला वाटलं.

तेवढ्यात हुपराजभाऊ धावत आले. कॅमेरा धुऱ्यावर पावसात तसाच टाकून. झाडाखालच्या बायांना त्यांनी अक्षरशः हाकत जाळीपाशी आणलं. म्हणाले, "सरजी, कुलूप काढा."

मी बाहेर व्हरांड्यात आलो. तुमच्या एका फोटोपायी मी किती वेळा फरशी धुवायची, असं विचारलं. झाडाखाली थांबतील की दहा मिनिटं, असंही म्हणालो.

"फोटो कायले पायजे मले?" ते म्हणाले. "ईज पडन म्हणलो तर हासतात, सरजी. हातचं काम कोणी सोडत नाही. फोटोसाठी म्हणलो का सरकतात."

त्यांनी जाळी दोन्ही हातांनी धरली. आवाज एकदम खाली आला.

"तिलेबी मीच सरकवलो होतो. बांधीतून बलावलो, मोहाखाली. कॅमेरा भिजून राहिला होता. म्हणलो, इथं उभी राय, छत्री धर. ते आली. अन् मी लेन्स पुसाले कापड आणाले गाडीकडं गेलो."

आभाळ पुन्हा कडाडलं. मला माझी लाज वाटली. किल्ली हातातच होती, पण ते कुलूप उघडायला मला फार वेळ लागला.