सतरा फूट चुकलेला चमत्कार

बाळाप्पा मोदगेकर लग्नाला गेले तरी खिशात मोजायची टेप असते. लोक आहेर नेतात, हे टेप नेतात. माझ्या घराच्या वास्तुशांतीला आले तेव्हा होमाचा धूर घरभर झाला होता, भटजी मंत्र म्हणत होते आणि आप्पा गुडघ्यांवर बसून हॉल मोजत होते. चार पाहुण्यांदेखत उठून म्हणाले, "नऊ इंच कमी हाय. बिल्डरनं गंडवलंय तुला." मग बुंदीचे दोन लाडू खाल्ले आणि घरी गेले. घर चांगलं झालंय, एवढं म्हणायचं राहूनच गेलं.

आप्पा माझे शेजारी. भूमापन खात्यात सर्व्हेअर होते. निवृत्त होऊन सात वर्षं झाली हे अख्ख्या कॉलनीला ठाऊक आहे, आप्पांना मात्र अजून कुणी कळवलेलं दिसत नाही. कोणी काहीही सांगितलं की यांचं पहिलं वाक्य, "पुरावा काय?" दुसरं, "जागेवर जाऊन बघितल्याबिगर मी सही करत न्हाय." सही कुणी मागितलेली नसते. मला ते 'ग्रॅज्युएट' म्हणून हाक मारतात. टोमणाच असतो तो. पण आमच्या घराण्यात कॉलेजचा उंबरा ओलांडणारा पहिला मीच, त्यामुळे मी तो मान म्हणूनच घेतो. त्याचा त्यांना जास्त त्रास होतो.

आठ महिन्यांपूर्वी त्यांच्या बायकोला, सुमनआक्कांना, अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. हात थोडाफार हलू लागला, चालताही येऊ लागलं, पण तोंडातून 'बा' याच्यापुढं काही येईना. डॉक्टर म्हणाले, बोलतीलही, सांगता येत नाही. "असलं उत्तर लिहिलं तर आमच्या खात्यात मेमो मिळतो," असं आप्पांनी डॉक्टरांना तोंडावर ऐकवलं.

मग घरकामाच्या बाईनं आक्कांना गुंजी गावाच्या पलीकडच्या जुन्या चर्चचं सांगितलं. तिथली सायबीण, म्हणजे मेरीमाता, नवसाला पावते. मुक्यांना बोलतं केलंय तिनं. तेव्हापासून आक्का भिंतीवरच्या कॅलेंडरात रविवारावर बोट ठेवून उभ्या राहायला लागल्या. आप्पांनी चार रविवार टोलवले. पाचव्याला माझं दार वाजवून म्हणाले, "काय ग्रॅज्युएट, गाडी काढ. नवसाला न्हाय बरं का. पाहणीला चाललोय."

मच्छे गेलं, खानापूर गेलं, आप्पांचं भाषण काही संपलं नाही. लोक कसे अडाणी, चमत्कार कसे बोगस, कुठल्या देवळाचा कळस किती कललाय. आक्का मागं बसून खिडकीतून बाहेर बघत होत्या. मी रस्त्याकडे बघत होतो. आप्पांना ऐकणारा लागतच नाही, त्यामुळे आमचं कुणाचं काही अडलं नाही.

चर्च लहानसं, जांभ्या दगडाचं. फादर वयस्कर, पायात हवाई चप्पल, मराठी आमच्यापेक्षा स्वच्छ. त्यांनी दारातच कथा सांगितली. फार पूर्वी दोन गावांनी मिळून गोव्याहून सायबिणीची मूर्ती मागवली. ठेवायची कुणाच्या गावात, यावरून वाटेतच काठ्या निघाल्या. मूर्तीची गाडी दोन्ही गावांच्या बरोबर हद्दीवर आली आणि बैल खाली बसले. मारलं, चुचकारलं, दुसरे बैल जुंपले, गाडी तसूभर हलली नाही. सकाळी बघतात तर चाकाखाली पाण्याचा झरा. तो झरा अजून आहे, आणि त्याच्याशेजारीच हे चर्च.

यातलं आप्पांनी दोनच शब्द ऐकले होते: 'बरोबर हद्दीवर.'

"हद्दीचा दगड कुठाय?"

फादरांनी एका झुडपाकडे बोट दाखवलं. पुढचा अर्धा तास मी, विद्यापीठाचा पदवीधर, घाणेरीच्या काट्यांत टेपचं टोक धरून ओणवा होतो. प्रार्थना आटोपून निघालेली मंडळी थांबून बघत होती. एकानं तर मला विचारलं, रस्ता रुंद करताय काय म्हणून. शेवटी आप्पा झऱ्यापाशी ताठ उभे राहिले.

"फादर, तुमचा चमत्कार सतरा फूट चुकलाय. झरा वरच्या गावात येतोय."

"बैल होते हो आप्पा," फादर शांतपणे म्हणाले, "सर्व्हेअर नव्हते."

गाडीत बसलेल्या आक्का खळखळून हसल्या. हसणं शाबूत आहे त्यांचं, आवाजासकट.

तिथल्या नवसाची रीत अशी, की शरीराचा जो भाग दुखतो तो मेणाचा विकत घ्यायचा आणि सायबिणीच्या पायाशी ठेवायचा. फाटकाजवळ एक म्हातारी मेणाचे हात, पाय, डोळे, तान्ही बाळं मांडून बसली होती. पाहणीला आलेले आप्पा तिच्यासमोर उकिडवे बसले.

"जीभ हाय?"

"जीभ ठेवत न्हाय आप्पा," म्हातारी म्हणाली. "जीभ मागायला कोण येतंय? शेजारणीची बंद कर म्हणून येत्यात. त्याला साधी मेणबत्ती चालते."

आप्पा विचारात पडले. मग म्हणाले, "तसा बिघाड जिभेत न्हाईच. डोक्यात हाय, डाव्या बाजूला. मी फोटो बघितलाय. डावी बाजू तेवढी मिळंल काय?"

"अख्खं डोकं घ्या. कुठली बाजू ते तिला कळतंय."

"कळतंय कशावरून?"

मी तिथून काढता पाय घेतला. आक्कांना धरून हळूहळू आत नेलं. बऱ्याच वेळानं आप्पा कागदाची पुडी घेऊन आले. आक्कांनी डाव्या हातानं मेणाचं डोकं मूर्तीच्या पायाशी ठेवलं आणि डोळे मिटले. आप्पांनी पुडीतून आणखी एक वस्तू काढली. कान होता.

"कान कशाला?" मी विचारलं. "तुमचे तर ठणठणीत आहेत."

आप्पांनी मेणाचा कान तळहातावर उलटासुलटा करून बघितला.

"छत्तीस वर्षं ही सैपाकघरातनं बोलत होती," ते हळू म्हणाले. "मी भाईर नकाशे पसरून बसलेला. व्हय म्हणायचो, बरं म्हणायचो. आता रोज आठवायला बसतोय, काय बोलायची ते. एकबी वाक्य सापडत न्हाय रं. उद्या ही बोलली, आन् मी परत तसाच बसून राहिलो तर?"

आक्कांनी डोळे उघडले होते. त्यांनी मेणाचा कान आप्पांच्या हातातून घेतला, डोक्याशेजारी नीट ठेवला, आणि त्याच डाव्या हातानं आप्पांचा खरा कान धरून चांगला पिळला. बाकावरच्या दोन बायका वळून बघायला लागल्या. आप्पा मान वाकडी करून तसेच उभे राहिले, सोडवून घेतला नाही. आक्का काहीतरी सांगत होत्या. बाहेर फक्त 'बा' येत होतं, थांबून थांबून, आणि दर वेळी आप्पा विचारत होते, "हं, आन् मग?"