गोदामाला मालक ओळखू येईना

"कृपया पुन्हा प्रयत्न करा," गोदामाचं दार गोड बायकी आवाजात म्हणालं. बाळकृष्णरावांनी दारालाच हात जोडले.

तंजावुरात लग्न कुणाचंही असो, पातेली बाळकृष्णरावांची. त्यांच्या वडिलांच्या काळापासून नवरदेवाला उशीर झाला असेल, पण या घरच्या पातेल्यांना कधी झाला नव्हता. धंद्यात शिस्त मात्र औषधालाही नव्हती. ज्याला हवं तो शटर वर करी आणि हवं ते उचलून नेई. म्हणून मुलगा रघुराम यानं सगळा कारभार डिजिटल केला. पातेलं न् पातेलं फोनवर नोंदलं आणि गोदामाला चेहरा पाहून उघडणारं दार बसवलं. दार उघडणार ते फक्त दोघांना: बाळकृष्णरावांना आणि मुकादम सांबशिवला.

"जुनी किल्ली मोडीत घाला," बाळकृष्णरावांनीच फर्मान काढलं होतं. "शिस्त म्हणजे शिस्त. मलाही सूट नको."

नवी व्यवस्था महिनाभर सुरळीत चालली तर पळणीच्या देवाला केस देईन, असा नवसही ते बोलून बसले होते. व्यवस्था चालली. राव पळणीला गेले, सोबत सांबशिवही गेला. देवाच्या बाबतीत हात कशाला आखडायचा, म्हणून दोघांनी दाढीमिशाही देऊन टाकल्या आणि तुळतुळीत डोक्यांना चंदन फासून दोघे आनंदानं परतले. देवानं नवस पुरा करून घेतला. दारानं मात्र दोघांनाही साफ नाकारलं.

आणि आज सुब्रमण्यमच्या मुलीचं लग्न! बालमित्राच्या घरचं कार्य.

"रघू, अरे कायतरी कर ना डा!"

"अप्पा, नवा चेहरा नोंदायचा तर आधी जुना दाखवावा लागतो. तुम्हीच सांगितलात तसं ठेवायला."

"आणि तो मशीनवाला?"

"मुहूर्ताचा दिवस अप्पा. तोही कोठेंतरी लग्नाला गेलाय. फोन बंद."

घरातून विजयलक्ष्मीबाई काजळाची डबी घेऊन आल्या. त्यांनी नवऱ्याला झुपकेदार मिशी काढून दिली, स्वतःचं गंगावन त्याच्या डोक्यावर गुंडाळलं आणि दोन पावलं मागं सरून पाहिलं.

"अय्यो, मलाच ओळख पटेना. त्या बापड्या दाराचं काय चुकलं?"

दारानं बाईंच्या मताला दुजोरा दिला. एवढंच नव्हे, तर कुणी परका घुसतोय असं समजून भोंगा वाजवायला सुरुवात केली. शेजारपाजारचे लोक धावून आले. गंगावन घातलेल्या मालकाला पाहून कुणीही परत जाईना.

तेवढ्यात मंडपातून आचाऱ्याचा फोन आला. तांदूळ धुऊन ठेवलेत, शिजवू कशात?

रावांनी मटकन पायरीवर बसकण मारली. पातेली भिंतीपलीकडं, चार हातांवर. आणि तीन पिढ्यांचं नाव त्या भिंतीला धडकून फुटणार! त्यांना खरोखर रडू आलं. काजळाची मिशी ओठांवर ओघळली.

इतक्यात रिक्षातून सुब्रमण्यम उतरला. अंगात रेशमी सदरा, डोळ्यांत अंगार. मंडपाच्या दाराशी पाहुण्यांच्या स्वागतासाठी लावलेला फ्लेक्स त्यानं उपटून आणला होता. त्यावर हात जोडलेले, भरघोस केसांचे आणि भरघोस मिशांचे बाळकृष्णराव हसत होते.

"राव! सख्ख्या भावाच्या आधी तुझा फोटो लावलों मी!" सुब्रमण्यम दाराला पाठ लावून गरजला. "हे घे तुझं तोंड, घरी ठेव!" असं म्हणून त्यानं फ्लेक्स गर्रकन फिरवून, फोटोची बाजू आत करून, दारासमोर उभा केला.

"सुस्वागतम्, बाळकृष्णराव," दार म्हणालं, आणि सरसर उघडलं.

मग सांबशिवनं पहिलं पातेलं उचललं आणि सगळी गल्ली पातेल्यांवर तुटून पडली. मघाशी नुसतं हसणारे शेजारी आता टेंपोत भांडी चढवू लागले. सुब्रमण्यमनं रेशमी सदऱ्याच्या बाह्या सारल्या आणि सर्वांत मोठा हंडा रावांच्या जोडीनं स्वतः उचलला. रावांच्या छातीवरचा धोंडा उतरला. ते हसत होते, रडत होते, नाक पुसत होते.

टेंपो वळला तसा रघुरामचा चेहरा मात्र पांढराफटक पडला.

"अप्पा, आपली जाहिरात! तुमचा फोटो गावात खांबाखांबावर लटकतोय. आपलं गोदाम आता कोणीही उघडेल!"

"उद्या अस्की, सगळे फोटो उतरवून टाक," राव तोंडावरचं काजळ पुसत प्रसन्नपणे म्हणाले. "एक तेवढा ठेव. केस येईपर्यंत मालक तोच."