यंत्राजवळची हवा

ही हकिकत कुणाला खरी वाटणार नाही, पैज लावतो. पण हवा सुधारण्यापेक्षा हवा मोजणं सोपं असतं, एवढं तरी कुणीही मान्य करील.

त्या शहरात हवा किती घाण आहे हे मोजायचं एकच यंत्र होतं आणि ते सांभाळणारा एकच माणूस; त्याला सगळे आकडेवाला म्हणत. आकडा अकरा वाजता घेतला जाई. म्हणून सकाळी नऊपासून यंत्राभोवती टँकर पाणी फवारी, वाहनं दुसऱ्या रस्त्यानं वळवली जात, झाडाची पानं फडक्यानं पुसली जात (दोन्ही बाजूंनी, खात्यात हयगय चालत नसे). आकडा उत्तम येई. सगळं शहर तो वाचून समाधानानं खोके.

आकडेवाल्याची सात वर्षांची ठकी मात्र धापा टाकायची. छातीत शिट्टी वाजायची. एकदा तो तिला कामावर घेऊन गेला. तासाभरात शिट्टी बंद!

"अहो, मग तिथंच टाका की तिचं अंथरूण," बायको म्हणाली.

बातमी फुटली. डॉक्टर चिठ्ठीवर लिहू लागले: यंत्राजवळ, दोन वेळा, जेवणानंतर. महिनाभरात तिथं दोनशे चौदा माणसं श्वास घ्यायला येऊ लागली (पैकी एकोणीस नुसती गप्पांना). आकडा बिघडला. चौकशी समिती बसली. निष्कर्ष: प्रदूषण रुग्णांमुळे होतं, ते घरची हवा छातीत भरून आणतात आणि इथं सोडतात. हुकूम निघाला: यापुढे प्रवेश फक्त निरोगी फुप्फुसांचा दाखला असणाऱ्यांना.

दाखले तपासायला फाटकावर आकडेवाल्यालाच बसवलं. पहिल्याच दिवशी ठकी बाहेर.

"बाबा, मी हळू खोकले तर?"

त्यानं नियमावली चाळली. हळूची तरतूद नव्हती.

पण यंत्र कुठं ठेवावं, हेही त्यात कुठं लिहिलेलं नव्हतं. संध्याकाळी त्यानं ते हातगाडीवर चढवलं आणि आपल्या गल्लीत, ठकीच्या खिडकीखाली नेऊन मांडलं. सकाळी नऊला टँकर हजर. यंत्र जिथं, तिथं तो, हेच त्याचं काम. वाहनं वळली. गल्लीत झाड नव्हतं, म्हणून शेजारणीची एक कुंडी पुसण्यात आली.

तिसऱ्या दिवशी खात्याचे साहेब आले. खिडकीतून शांत निजलेली ठकी पाहून त्यांनी जोडे काढून हातात घेतले. म्हणाले, "यंत्र कशाला हलवत बसायचं? धूरच बंद करा." आणि त्याच दिवशी शहरातली झाडून सगळी धुराडी...

"अहो, थापा!" ऐकणाऱ्यांत मागं बसलेल्या एक बाई कडाडल्या. "टँकर पटला, दाखला पटला, कुंडी पुसलेलीसुद्धा पटली. धूर बंद केला म्हणे!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. तुमचीही डोललीच की. बाई मात्र थांबल्या नाहीत:

"आता त्या पोरीचं खरं काय झालं, ते सांगा."