फेरतपासणी रविवारी

रविवारी सकाळी बरोबर साडेनऊला रणपिसे काका आमच्या घरी येतात, पण आम्हाला भेटायला नव्हे. दार उघडलं की ते माझ्याकडे एक नजर टाकतात, माझी अजून आंघोळ झालेली नाही याची मनात नोंद करतात आणि घरातून सरळ मागच्या अंगणात जातात. तिथे खिशातून व्हर्निअर काढतात. व्हर्निअर म्हणजे कारखान्यात लोखंडी तुकड्याची जाडी केसाच्या अंशापर्यंत मोजायचं हत्यार. त्या हत्याराने ते आमच्या कढीपत्त्याचं खोड मोजतात.

"मागच्या रविवारपेक्षा दोन पॉइंट जास्त. ताक घालता ना?"

"घालतो."

"आंबट?"

"आंबट."

"पुरेसं आंबट नाही."

मग खिशातून पिवळ्या कार्डाची चिठ्ठी आणि दोरा निघतो. चिठ्ठीवर टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं असतं, 'फेरतपासणी रविवारी'. ती कढीपत्त्याच्या फांदीला बांधून झाली की काका पहिल्यांदा माझ्याशी माणसासारखं बोलतात.

"चहा होईल का हो, जगताप?"

मी सोमवार ते शुक्रवार धनकवडीहून खराडीला ऑफिसला जातो. त्यात माझं अर्धं आयुष्य सिग्नलला उभं राहण्यात जातं. शनिवार घरच्या कामात संपतो. झोपायला म्हणून देवाने मला रविवार सकाळ एवढीच ठेवली होती. ती एका कढीपत्त्यापायी गेली, याचा मला सुरुवातीला भयंकर राग यायचा.

काका म्हणजे आमच्या कॉलनीतल्या कोपऱ्यावरच्या घरातले दत्तात्रय रणपिसे. छत्तीस वर्षं पिंपरीच्या एका कारखान्यात त्यांनी गिअर तपासले. चांगला तुकडा असेल तर हिरवी चिठ्ठी, पास. अगदीच टाकाऊ असेल तर लाल. आणि थोडं काम राहिलं असेल तर पिवळी. निवृत्त झाल्यावर माणसं चष्मा सोडत नाहीत तशी त्यांनी ही सवय सोडली नाही. हॉटेलात इडली आली की ती ताटलीत फिरवून बघायचे. कॉलनीच्या गणपतीत आरतीचं तबक हातात आलं तरी आधी त्याला पोचा पडलाय का ते बघून मग ओवाळायचे. कुठल्याही बिघाडावर त्यांचा निकाल ठरलेला होता, "माल उत्तम. हाताळणी वाईट."

रणपिसे काकूंनी या माणसाबरोबर हसत संसार केला. "घरात प्रॉडक्शन हिच्याकडे, इन्स्पेक्शन माझ्याकडे," असं काका म्हणायचे, आणि काकू म्हणायच्या, "म्हणजे काम कुणाकडे ते कळलं ना?" त्यांच्या अंगणात पन्नासेक कुंड्या होत्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बाकीच्या बायका वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे आणि चाळण्या लुटायच्या. काकू दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत रोपं लावून ती लुटायच्या. कुणाला काय दिलं ते कॅलेंडरच्या जानेवारीच्या पानावर लिहून ठेवायच्या, म्हणजे पुढच्या वर्षी त्याच घरी तेच रोप जायला नको.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात काकू आजारी पडल्या. काका अडीच महिने हॉस्पिटलात बाकड्यावर बसून होते. कपडे बदलायला म्हणून घरी यायचे आणि तसेच परत जायचे. जून लागायच्या आधी काकू गेल्या. काका त्यांना पोहोचवून घरी आले तेव्हा अंगणातल्या पन्नासच्या पन्नास कुंड्या खडखडीत वाळलेल्या होत्या. आम्हा शेजाऱ्यांपैकी कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं की रोज एक बादली पाणी घालावं. डबे पोचवले, फोन केले, हॉस्पिटलात चकरा मारल्या. पाणी राहिलं. मला आजही त्याची लाज वाटते.

तेरा दिवस काका त्या कुंड्यांकडे तोंड करून खुर्चीत बसून राहिले. चौदाव्या दिवशी त्यांनी माळ्यावरून जुनी कॅलेंडरं काढली.

त्यानंतरच्या रविवारी आमची बेल वाजली. दारात काका, हातात वही.

"आपल्याकडे तिने दिलेले दोन नग आहेत. कढीपत्ता एक, गावठी गुलाब एक. बघायचेत."

कढीपत्ता होता. मागच्या भिंतीला आपला आपण वाढत होता. गुलाब मात्र केव्हाच मेला होता. आम्ही दिवाळीत आठ दिवस कोकणात गेलो आणि पाणी घालायला कुणाला सांगायचं विसरलो, एवढीच त्याची कहाणी. मी तोंड उघडलं, पण समोर काकांचा चेहरा होता. माझ्या आधी मीनल, माझी बायको, बोलली.

"गुलाब ना काका, तो आईकडे नेलाय कोथरूडला. तिकडे ऊन छान येतं."

"आणा," काका म्हणाले.

अशी काकांची पाहणी सुरू झाली. कॉलनीतल्या अकरा घरांत काकूंची रोपं होती. प्रत्येक घरी रविवारची ठरलेली वेळ. प्रत्येक ठिकाणी काका एक फांदी किंवा एक मुळी मागून घेत आणि घरी नेऊन काकूंच्या त्याच कुंडीत लावत. हळूहळू ते अंगण पुन्हा हिरवं व्हायला लागलं. पहाटे उठून झाडायचे, सडा घालायचे, माती रव्याच्या चाळणीने चाळायचे. चाळणी स्वयंपाकघरात परत गेली का, हे विचारायची कुणाची हिंमत झाली नाही. खतासाठी त्यांना चहाचा चोथा लागायचा आणि तो बिनसाखरेचा. साखरेने मुंग्या होतात. त्यामुळे रविवारी आमच्या अख्ख्या गल्लीत चहा बिनसाखरेचा उकळून साखर नंतर कपात घालायची पद्धत पडली, ती अजून आहे.

तक्रारी पुष्कळ झाल्या. पलीकडचे कुलकर्णी आजोबा म्हणाले, "आमची तुळस चौथ्यांदा नापास झाली. आता तिला क्लास लावावा म्हणतो." शेजारच्या शेखभाभींच्या गवती चहावर पिवळी चिठ्ठी लागली तेव्हा त्या कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "काका, काकूंनी दिला तेव्हापासून रोज चहात घालतेय. घरात कुणी मेलं नाही. अजून काय पाहिजे?" काका म्हणाले, "पातीची रुंदी," आणि चहा घ्यायला बसले. महिनोन् महिने गेले, पण अकरा घरांत एकाही रोपाला हिरवी चिठ्ठी मिळाली नाही. एवढा कडक परीक्षक विद्यापीठातसुद्धा नसेल.

आमच्याकडे कढीपत्त्याला चिठ्ठी बांधून झाली की काका दर रविवारी विचारायचे, "आणि गुलाब?"

"आणतो काका. गाडीत बसत नाही, मोठा झालाय."

हे मी पाच महिने सांगितलं. मध्येच एकदा काका चहा घेताना म्हणाले, "तो गुलाब तिने सासवडहून आणलेला. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी गेली, तेव्हा ओल्या फडक्यात फांदी गुंडाळून एसटीतून आणली. गुलकंद करायची त्याचा. बाकी सगळं मिळालं मला. गुलाब राहिलाय." एवढं सलग बोलणं मी त्यांच्याकडून कधी ऐकलं नव्हतं. घास गिळावा तसा मी चहा गिळला.

त्याच संध्याकाळी मी सोलापूर रोडच्या एका नर्सरीत गेलो आणि गुलाबी फुलाचा गुलाब घेऊन आलो. जुन्या मातीच्या कुंडीत लावला. नर्सरीचे गुलाब कलमी असतात, बुंध्याशी कलमाची गाठ असते. गावठी गुलाब नुसत्या फांदीवर येतो, त्याला गाठ नसते. हे मला नर्सरीवाल्यानेच सांगितलं. मी गाठीवर चार बोटं माती चढवली आणि कुंडीला बाहेरून शेवाळ लागावं म्हणून ताकही फासलं. मीनल बघत होती. "हे बरोबर नाही हं," ती म्हणाली. मी म्हटलं, "म्हातारा माणूस आहे. आनंद होईल."

रविवारी काका आले. गुलाब बघून गुडघ्यावर बसले. व्हर्निअर काढलं नाही. फूल जवळ घेऊन वास घेतला. मग अंगठ्याने बुंध्याची माती जराशी बाजूला केली, पुन्हा होती तशी सारली. काकांनी खिशात हात घातला आणि हिरवी चिठ्ठी काढली. पास! उठले, कढीपत्त्याची पिवळी सोडली आणि त्यालाही हिरवी बांधली.

"या घरचं काम संपलं," ते म्हणाले आणि चहा न घेता गेले.

मी कॉलनीभर मिरवलो. अकरा घरांत पहिला पास, आणि तोही दोन्ही विषयांत! कुलकर्णी आजोबांनी पेढे मागितले.

पुढच्या रविवारी साडेनऊला मी अंथरुणात होतो. बेल वाजली नाही. दहालाही वाजली नाही. मी मनसोक्त झोपायचं ठरवलं आणि छताकडे बघत पडून राहिलो. आत मीनलने चहा टाकला होता, बिनसाखरेचा, तीन कप. त्याच्या पुढच्या रविवारीही तिने तीनच टाकले. काका शेजारी शेखभाभींकडे जाताना दिसायचे, आमच्या फाटकाकडे मान न वळवता. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की सगळीकडे फांदी मागणाऱ्या या माणसाने, ज्या गुलाबासाठी पाच महिने विचारलं, त्याची फांदी काही मागितली नव्हती.

पाच रविवार गेले. सहाव्या रविवारी मीनलने कप माझ्यापुढे आपटला. "जा आणि सांगून या. नाहीतर मी जाते."

काका अंगणात माती चाळत होते. पन्नास कुंड्यांपैकी चाळीसेक हिरव्या झालेल्या. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. कोकण, कोथरूड, नर्सरी, ताक. काकांनी चाळणी थांबवली नाही.

"गाठ त्याच दिवशी दिसली," ते म्हणाले. "वासही नव्हता."

"मग पास कसा केलात?"

"जो माल आपला नाही, तो पास करून टाकायचा. वाद नको."

"पण कढीपत्ता तर खराच होता," मी म्हटलं. "त्याला का हिरवी?"

"तो पहिल्या रविवारीच पास होता, जगताप. उत्तम माल. सगळ्यांचाच पास होता. कुलकर्ण्यांच्या तुळशीसारखी तुळस मी पाहिली नाही."

"मग इतके महिने पिवळी?"

आता मात्र चाळणी थांबली.

"आठपर्यंत माझं घरचं सगळं आटपतं. झाडलोट, पाणी, सगळं. बाकीचे दिवस निभतात. रविवारी ती आणि मी दोघं मिळून कुंड्या हलवायचो, जेवणाची वेळ कधी व्हायची कळायचं नाही. आता रविवार फार मोठा होतो हो. पास केलं असतं तर कुठं गेलो असतो?"

मी त्यांच्याशेजारी खाली बसलो आणि मातीतले खडे वेचायला लागलो. दुसरं काय करणार? थोड्या वेळाने काका म्हणाले, "खडे नीट वेचा. तो खडा नाही, शेण आहे."

मग ते उठले आणि कोपऱ्यातून दुधाची एक पिशवी घेऊन आले. त्यात बोटभर फांदी, तिला दोन तांबूस पानं.

"तुमच्याकडे हिरवी लावली, त्याच दुपारी खराडीला गेलो. त्या वर्षी तिने गुलाब दोनच घरांत दिलेले. एक तुमच्याकडे आणि एक आमच्या वरच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या नागपूरच्या मुलीकडे. आता अकराव्या मजल्यावर राहते. मला बघून म्हणाली, 'काका, काकूंनी दिला म्हणून मी त्याले कोणाले हातबी लावू देत नाही.' चार फांद्या आणल्या. तीन लागल्या. एक इथे, हिच्या जुन्या गुलाबाच्या कुंडीत लावली. एक राखीव. ही तुमची."

"माझी? काका, मी तर मारला तो."

"माल उत्तम होता. हाताळणी वाईट," काका म्हणाले. "या वेळी मेला तर मेला म्हणून सांगायचं. मी यायचा तो येईनच."

पिशवीला दोरा बांधलेला होता, त्याला पिवळी चिठ्ठी. तारीख पुढच्या रविवारची. म्हणजे मी कबुलीजबाब द्यायला येणार, हेही या माणसाने आधीच तपासून ठेवलं होतं.

त्या संक्रांतीला हळदीकुंकू आमच्याकडे झालं. वाण काकूंच्या रोपांचंच होतं. "डिस्पॅच मी बघतो," म्हणून काका सकाळपासून पिशव्या मांडत बसले होते आणि कॅलेंडरच्या जानेवारीच्या पानावर त्यांनी टपोऱ्या अक्षरात सगळी नावं लिहिली. शेखभाभींना मोगरा गेला. नर्सरीतला गुलाबही अजून आहे, हिरव्या चिठ्ठीसकट. त्याचा बिचाऱ्याचा काय दोष?

आणि सासवडचा गुलाब लागला. या पावसाळ्यात त्याला पहिली फुलं आली, सात. सगळं अंगण घमघमत होतं. रविवारी काका आले, गुडघ्यावर बसले, वास घेतला. डोळे मिटून पुन्हा घेतला. बुंध्याशी अंगठा नेला, तिथे गाठ नव्हती. खोड मोजलं, पानं उलटी करून पाहिली. काढायला एक खोट सापडेना. मीनल चहाचं आधण सोडून दारात येऊन उभी राहिली. काकांनी खिशात हात घातला.

"काका," मी घाईघाईने म्हणालो, "त्या मागच्या पानाला जरा कीड दिसतेय."

काकांनी ते पान पाहिलं. त्यावर काही नव्हतं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, चष्म्यावरून, चांगलं निरखून.

"दिसतेय खरी," ते म्हणाले आणि त्यांनी पिवळी चिठ्ठी बांधली.