वानखडेबाबूंचे अर्ज

वानखडेबाबू आपल्या रिकाम्या प्लॉटवर शिरण्याआधी चपला काढत. काटे असोत, सराटे असोत. मी एकदा तसाच आत गेलो, तर ओरडले, "मास्तर, वर्गात चपला घालून काहून येऊन राहिले तुमी?"

वर्ग म्हणजे दोन बाभळी आणि वर आभाळ. अमरावतीत आम्ही शेजारी. बडनेरा स्टेशनच्या पार्सल कचेरीतून ते निवृत्त झालेले, घरी एकटेच. मुक्याबहिऱ्या मुलांची शाळा काढायची, हा एकच ध्यास. त्यासाठी संस्था नोंदवली, तिचा मीही एक सभासद. जागा त्यांची. इमारतीसाठी ते मुंबईच्या शेठ लोकांच्या धर्मादाय ट्रस्टांना अर्ज करत.

अर्ज कसले, स्वप्नंच ती! 'पूर्वेच्या खिडकीतून सकाळचे ऊन येते व तिसऱ्या बाकापर्यंत पोचते.'

"बाबू, 'येईल' लिहा."

"येऊनच राहिलं ना!" म्हणत ते तिसऱ्या बाकाकडे बघत बसत. बघता बघता मलाही तिथं धूसर बाकं दिसू लागत.

नकार आला, की "शेठची तब्येत बरी नसन," म्हणून नवा कागद घेत.

एकदा एका ट्रस्टनं अर्ज परत पाठवला. सगळं पसंत, फक्त एक रकाना कोरा होता: 'ही शाळा आपणांस का काढावीशी वाटते?' मी जुन्या नकला काढून पाहिल्या. सगळ्यांत तेवढंच कोरं.

"खिडकीवर दीड पान, अन् इथं एक ओळ नाही?"

बाबूंनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, "माही पोरगी सात वर्सं होती माह्यापाशी. तिले ऐकू येत नव्हतं, बोलता येत नव्हतं. तापात गेली. कुठं दुखून राहिलं, ते तिले सांगता आलं नाही, मले समजलं नाही." अर्ज माझ्याकडे सरकवत म्हणाले, "तुमीच लिहा, मास्तर. माह्यानं होत नाही."

मी त्यांचेच शब्द, त्यांच्याच बोलीत, जसेच्या तसे लिहिले.

दोन खोल्यांची मंजुरी आली. शाळा सुरू झाली त्या दिवशी बाई मुलांना हातांच्या खुणा शिकवत होत्या: आई, पाणी, भूक. शेवटच्या बाकावर, गुडघे कसेबसे कोंबून, वानखडेबाबू बसले होते. म्हातारी बोटं वळत नव्हती, तरी मुलांबरोबर करून बघत होते.

'दुखतं' ही खूण त्यांनी बाईंना तीनदा विचारली.