साहेबांच्या दाढेतला पडदा

साहेबांच्या दाढेच्या जागी पडदा बसवलाय हे कळल्यापासून नळवाल्यांना चैन पडेना. साहेब म्हणजे त्यांचे धाकटे साडू. बँकेत खुर्चीवर बसतात म्हणून सासरी सगळे त्यांना साहेब म्हणत, आणि हे थोरले जावई लोकांचे पाइप दुरुस्त करतात म्हणून हे नुसते नळवाले. दोघांच्या दाढा एकाच आठवड्यात, एकाच डॉक्टरीणबाईंनी काढल्या. पण काढल्यावरसुद्धा साहेबांची दाढच वरचढ ठरली.

"खाली हाडाची भुकटी आणि वर पडदा घातलाय म्हणे," बहिणीचा फोन ठेवत बायकोने सांगितलं. "आई सकाळपासून तिकडेच आहे. आईस्क्रीम भरवतेय."

"भरवतेय? त्याची दाढ गेलीय, हात नाही गेले!"

"अहो, जास्त बोलू नका. दुखेल."

"आणि मला काय? कापूस! मी विचारलं तर डॉक्टरीणबाई म्हणतात, तुमच्याच रक्ताची गुठळी बसेल, तीच पुरे. माझंच रक्त मला देऊन बोळवण केली!"

डॉक्टरीणबाईंनी खरं तर नीट समजावलं होतं. हिरडी घाईची असते, हाड सावकाश भरतं. खड्ड्यात हिरडी आधी घुसली की हाडाला जागाच उरत नाही, म्हणून कुठे कुठे मध्ये पडदा घालून तिला अडवावं लागतं. नळवाल्यांना त्याची गरज नव्हती. त्यांची गुठळी टिकली की तिच्या आधाराने हाड भरणार होतं आणि मग त्यात नवा दात रोवता येणार होता. फक्त जोरात चूळ भरायची नाही, थुंकायचं नाही. पण हे ऐकताना नळवाल्यांचा जीव साडूच्या पडद्यात अडकला होता.

त्यातून धंद्याची सवय वाईट. जोड केला की दाबाने पाणी सोडून तपासल्याशिवाय ते गिऱ्हाइकाच्या घरातून पाय काढत नसत. स्वतःच्या तोंडातलं काम न तपासता सोडायचं म्हणजे काय? ते बेसिनपाशी गेले, गाल फुगतील एवढं पाणी घेतलं आणि सगळा जोर लावून खळखळवलं. बेसिनमध्ये काळपट लाल गोळा पडला.

"बघ!" ते बायकोला ओरडले. "एका चुळीत सुटलं! पडदा असता तर सुटलं असतं का?"

दोन दिवसांत कळ जबड्यातून कानात गेली आणि नळवाले गाल धरून दवाखान्यात हजर झाले.

"चूळ भरलीत ना जोरात?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"चूळ नाही हो. टेस्टिंग केलं."

बाईंनी कपाळावर हात मारला. खड्डा धुतला, पुन्हा थोडं रक्त येऊ दिलं, वर टाका घातला.

"आता तरी पडदा घालाल ना?" नळवाल्यांनी आशेने विचारलं.

"कशाला? हे चावून धरा. आता बोलायचं नाही, हसायचं तर मुळीच नाही." त्यांनी नळवाल्यांच्या तोंडात कापसाचा बोळा कोंबला.

बाहेर बाकावर साहेब बसले होते, तपासणीसाठी आलेले. गाल सुजलेला आणि चेहरा पडलेला.

"तुमचं बरं आहे, दादा," ते हळूच म्हणाले. "माझ्या खड्ड्याची हाडाची एक भिंत पुवाने पार खाल्ली होती. पडदा कसला, ठिगळ आहे ते! आणि डॉक्टर मलाच ऐकवतात, तुमच्या साडूंच्या चारही भिंती शाबूत आहेत, हाड कसं दगडासारखं! खरं सांगतो, ऐकून जळफळाट झाला माझा. सासूबाईंना नका सांगू हं."

नळवाल्यांचे कान तृप्त झाले. लग्न झाल्यापासून याच वाक्याची ते वाट बघत होते. हे सासरी सांगायचं, आजच सांगायचं! हसू ओठांपर्यंत आलं, ते त्यांनी मोठ्या कष्टाने गिळलं.

तेवढ्यात औषधं घेऊन बायको आली. फोन कानाला होता आणि पलीकडे सासूबाईच होत्या. नळवाले ताडकन उठले. आधी जबड्याकडे बोट दाखवलं, मग चार बोटं तिच्या डोळ्यांसमोर नाचवली. चारही भिंती! शाबूत!

"चार? अहो, दोनच गोळ्या सांगितल्यात," बायको म्हणाली आणि फोनवर पुढे बोलू लागली, "नाही गं आई, यांचं काही विशेष नाही. यांची आपली साधीच दाढ. साहेब कसे आहेत ते सांग."

नळवाले मुकाट्याने खाली बसले आणि त्यांनी कापूस आणखी घट्ट चावून धरला.