साळवेकाकांची सीमेपलीकडची प्रार्थना

साळवेकाकांकडून जेवायचं बोलावणं आलं की मी घरून एक पोळी खाऊन निघते. मार्थाकाकूंच्या हाताला चव नाही असं कुणी म्हणालं, तर त्याची जीभ तपासून घ्यावी लागेल. अडचण जेवणाआधीच्या प्रार्थनेची आहे.

आम्ही खडकीला एकाच मजल्यावर राहतो, दारासमोर दार. इतर ख्रिस्ती घरांत म्हणे देवाचे आभार मानले की लगेच घास तोंडात जातो. काका मात्र सकाळचा पेपर अथपासून इतिपर्यंत वाचून बसलेले असतात. "हे प्रेमळ बापा, या अन्नाबद्दल तुझे आभार," एवढं झालं की ते जगाच्या फेरीला निघतात आणि जिथे जिथे लढाई चालू आहे तिथे तिथे थांबतात. "तुला ठाऊकच आहे, तरी सांगतो," असं म्हणून देवाला कालपासूनची परिस्थिती समजावतात. कुठला पूल पडला, कुणी तहाची बोलणी मोडली, सगळं. मग यच्चयावत पंतप्रधानांसाठी आणि राष्ट्राध्यक्षांसाठी सुबुद्धी मागतात. आपल्या सरकारसाठी मागतात आणि विरोधी पक्षासाठीही. "त्यांनाही लागते, बापा."

तोवर मटणाच्या रश्श्यावरचा तवंग थिजायला लागतो. काका श्वास घ्यायला थांबले रे थांबले, की मार्थाकाकू "आमेन!" असं ठणकावतात आणि वाढायला घेतात. आमेन झालं की प्रार्थना संपली, हा नियम काकाही पाळतात. कुरकुरत का होईना.

आणि हे गृहस्थ निवृत्त कुठून झाले, तर दारूगोळ्याच्या कारखान्यातून! जन्मभर तोफगोळे भरले. "गोळा चांगला भरला जावा आणि तो कधी उडवावा लागू नये, हे दोन्ही मी एका दमात मागायचो," असं ते मोठ्या अभिमानाने सांगतात. आमच्या ह्यांनी एकदा विचारलं, "मग काका, गोळेच भरले नसते तर?"

"मग सीमेवरच्या पोराच्या हातात काय देऊ? माझं चर्चचं गायनाचं पुस्तक?"

आमचे हे त्यानंतर निमूट रस्सा भुरकत बसले.

मध्यंतरी सीमेवर वातावरण फार तापलं. आमच्या सोसायटीने पार्किंगमध्ये जवानांसाठी सर्वधर्मीय प्रार्थना ठेवली. बिल्डिंगमध्ये ख्रिस्ती घर एकच, तेव्हा काकांना निमंत्रण आलं. त्या दुपारी मार्थाकाकू माझ्याकडे आल्या त्या चेहरा पाडूनच.

"मंगल, हे वैऱ्यांसाठीही मागतात गं. चर्चमध्ये चालतं, तिथे तसं शिकवलेलंच आहे. पण इथे लोक किती चिडलेत बघतेस ना? कुणी काही बोललं तर? आम्हाला इथंच राहायचंय."

काकूंना आपल्याच बिल्डिंगची भीती वाटू शकते, हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं. फार वाईट वाटलं. मग आम्ही दोघींनी बेत केला. काकांच्या प्रार्थनेने सीमा ओलांडली, की दोघींनी मिळून आमेन ठोकायचं.

संध्याकाळी पार्किंग गच्च भरलं. पुढच्याच खुर्चीत तळमजल्यावरच्या शिंदेबाई बसल्या होत्या. त्यांचा मुलगा विशाल सीमेवर, आणि त्याचा फोन लागत नव्हता. काकांनी जवानांसाठी काय काय मागितलं! त्यांना पोटभर जेवण मिळो, झोप मिळो, पायात कोरडे मोजे असोत. सगळे हात जोडून ऐकत होते. मला हायसं वाटलं. तेवढ्यात काका म्हणाले, "आणि बापा, पलीकडच्या चौकीत जो उभा आहे…"

"आमेन!" आम्ही दोघी ओरडलो.

"आमेन!" अख्खं पार्किंग उत्साहाने गरजलं. जोशीआजोबांनी तर टाळ्याही वाजवल्या.

काकांनी डोळे उघडले नाहीत. "अजून संपलं नाही, मार्था," ते म्हणाले. "बापा, त्यालाही सुखरूप घरी ने."

टाळ्या थांबल्या. मागून कुणीतरी खवचटपणे विचारलं, "काका, आपण नक्की कुणाच्या बाजूचे?" काकूंनी माझा हात घट्ट धरला.

"आपल्याच," काका म्हणाले. "त्याच बाजूसाठी जन्मभर गोळे भरले. चांगले भरले हो. म्हणून तर काळजी वाटते."

शिंदेबाई उठून काकांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"माझ्या विशालसाठी मागता ना, काका?"

"तो गेल्यापासून रोज. नाव घेऊन मागतो." बोलण्यात कधीही न अडणारे काका आता अडखळले. "त्याच्या समोर जो उभा आहे, त्याचं नाव मला ठाऊक नाही, बाई. म्हणून मी त्यालाही विशालच म्हणतो."

शिंदेबाई परत खुर्चीत येऊन बसल्या, डोक्यावर पदर घेतला आणि हात जोडले.

"म्हणा," त्या म्हणाल्या. "दोघांसाठीही म्हणा."